आठवीच्या मुलांना कोणता लॅपटॉप? शाळेला एका पालकाचं खुलं पत्र

प्रति,
माननीय प्राचार्य, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक-शिक्षक संघाचे पदाधिकारी यांस

विषय: इयत्ता 8 वीसाठी लॅपटॉप सक्तीचा करणाऱ्या परिपत्रकाबाबत

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक वर्षापासून आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप हवा, असं आपलं परिपत्रक नुकतंच पालकांच्या ग्रुपवर आलं. लॅपटॉप कसा असावा हेही त्यात ठरवून दिलंय: आय 5 किंवा त्यावरचा प्रोसेसर, 16 जीबी रॅम (चालू कामाची जागा), 512 जीबी एसएसडी (फाइली साठवायची जागा), 15.6 इंची टच स्क्रीन आणि 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड. खाली एका विक्रेत्याचा फोन नंबर आणि हप्त्यांचा तक्ता. माझी मुलगी आपल्याच शाळेत सातवीत आहे आणि माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. बाप म्हणूनही आणि मेकॅनिक म्हणूनही मला यावर बोलणं भाग आहे. शाळेचं नाव इथे मुद्दाम घालत नाही. थोड्याफार फरकानं हीच यादी इतर शाळांमधल्या पालकांच्या फोनवरही मी पाहिली आहे, आणि त्या शाळांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

मुलांच्या हाती संगणक द्यायला माझा विरोध नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितलंय, आणि माझ्या मुलीनं ते शिकावं असं मला मनापासून वाटतं. पण आपल्या परिपत्रकात यंत्राची यादी आहे, मुलं त्यावर काय करणार याची मात्र एक ओळही नाही. कोणत्या विषयाला लॅपटॉप लागणार, आठवड्यातून किती तासिका, कोणतं सॉफ्टवेअर, शिकवणार कोण, बिघडला तर काय, हे काहीच कळत नाही. काम आधी ठरायला हवं. ते ठरलं की यंत्र निवडायला अर्धा तासही लागत नाही, आणि मग जे यंत्र निघतं ते बहुतेक वेळा या यादीच्या निम्म्या किमतीचं असतं.

कामाकडेच आधी पाहू. आपली शाळा सीबीएसईची आहे. मुलं नववीत गेली की कौशल्य विषयांत माहिती तंत्रज्ञान (विषय क्रमांक 402) किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता (विषय क्रमांक 417) घेतात. 402 मध्ये लिब्रेऑफिस हे लिखाणाचं, तक्त्यांचं आणि सादरीकरणाचं सॉफ्टवेअर शिकवतात. ते फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही बिनतक्रार चालतं. 417 मध्ये पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी आहे आणि बाकी बरंचसं काम ब्राउझरमध्ये होतं. अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर पायथॉन आणि माहिती साठवायचं मायएसक्यूएल. आठवीत बहुधा स्क्रॅच, म्हणजे चित्रांचे ठोकळे जोडून केलेलं कोडिंग, असेल, थोडं टायपिंग, एखादं सादरीकरण. यातल्या एकाही कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते लागतं गेमिंगला, थ्रीडी डिझाइनला, जड व्हिडिओ एडिटिंगला. यातलं काही शाळा शिकवणार असेल तर जरूर कळवा, मी माझं म्हणणं मागे घेईन.

टच स्क्रीनचंही तसंच. टच आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही असलेली मॉडेल्स बाजारात मोजकीच आहेत आणि ती महागच असतात. त्यात टचची काच फुटली तर दुरुस्तीचा खर्च साध्या डिस्प्लेच्या दुपटीवर जातो. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे काही चढलेत की 16 जीबीचा आग्रह आज पालकांना पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

मग मुलाला काय लागतं? माझ्या टेबलावर जे येतं त्यावरून सांगतो.

शाळा-कॉलेजच्या मुलांचे लॅपटॉप प्रोसेसर कमी पडला म्हणून माझ्याकडे येत नाहीत. ते येतात हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, तुटला म्हणून. मुलं स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये हिंजचे स्क्रू पितळेच्या बारीक बुशमध्ये (नळीत) बसवलेले असतात आणि ते बुश नुसत्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेले असतात. रोजच्या ओढाताणीनं आधी एक बुश उपटतो, मग दुसरा. मुलगा सांगत नाही, कारण स्क्रीन अजून चालू असते. शेवटी झाकण उघडताना बॉडी चिरते, आत डिस्प्लेची केबल चेपते, आणि आई-वडील लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात येतात. बॉडीचे पार्ट मिळाले तर ठीक, नाहीतर तो पार्ट महिनोन्‌महिने मिळत नाही आणि मुलाचं सत्र तसंच जातं.

दुसरं दुखणं चार्जिंग पिनचं. चार्जर लावलेलाच असताना मूल लॅपटॉप उचलून चालू लागतं, पिनवर हिसका बसतो, सॉकेट मदरबोर्डवरून, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरून, हलतं. तिसरं पाण्याचं, म्हणजे दप्तरात उघडी राहिलेली बाटली. चौथं, लॅपटॉप गादीवर ठेवून वापरल्यामुळे हवेची वाट बंद होणं. पाचवं, रात्रंदिवस चार्जिंगला राहून फुगलेली बॅटरी. ती फुगली की टचपॅड वर उचलला जातो आणि क्लिक होईनासं होतं. या पाचांपैकी एकावरही आय 5 चा उपाय नाही. म्हणून आठवीतल्या मुलाचं यंत्र निवडताना मी ताकद शेवटी बघतो. आधी बघतो ते झाकण एका हातानं उघडल्यावर हिंजपाशी बॉडी लवते का, कीबोर्डवर सांडलेलं पाणी वाहून जायला खाली वाट आहे का, रॅम आणि एसएसडी बदलता येते की मदरबोर्डवरच चिकटवलेली आहे, आणि बॅटरी नि चार्जर आपल्या गावात मिळतो का.

ताकदीची खालची मर्यादा मात्र आहे, आणि ती शाळेनं ठामपणे सांगायला हवी, कारण पालक स्वस्ताच्या मोहात तिथेही फसतात. विंडोज 11 ला कागदोपत्री 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात 4 जीबीवर विंडोज स्वतःच बरीच जागा खाते, आणि ऑनलाइन तास चालू असताना ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले की यंत्र दमतं. 64 जीबीचं साठवण बहुतेक वेळा ईएमएमसी असतं, मदरबोर्डवरच जोडलेलं. ते बदलता येत नाही, आणि दोन-चार मोठे अपडेट आले की भरून जातं. अशी यंत्रं बॉक्समधून निघतानाच अपुरी असतात. 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, साधा आय 3 किंवा रायझन 3 प्रोसेसर, शक्यतो रॅमचा एक स्लॉट मोकळा, एवढं म्हटलं की आठवी ते बारावी पार पडते. मोकळा स्लॉट असेल तर अकरावीत गरज वाटल्यास रॅम वाढवता येईल, आणि ज्याला गरज नाही त्याला आज त्याचे पैसे भरायला नकोत.

आता 15.6 इंचाचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. केंद्र सरकारच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणात पहिली ते दहावीच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलंय. आठवीतलं मूल 40 किलोचं धरलं तर दप्तर 4 किलोचं. 15.6 इंची साधा लॅपटॉप सुमारे पावणेदोन किलोचा भरतो, चार्जर धरून दोन किलो. म्हणजे वह्या-पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली या सगळ्यांना मिळून उरले दोन किलो. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेतला तर तो सव्वादोन किलोच्या पुढे जातो आणि त्याचा जाडजूड चार्जरच अर्धा किलोचा असतो. आपल्या शाळेचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहेत, आणि स्कूलबसपर्यंत चालत येणारी मुलं आहेत. 13 किंवा 14 इंची, दीड किलोच्या आतला लॅपटॉप मागितला असता तर हा प्रश्नच उरला नसता. त्याहून चांगलं म्हणजे ज्या दिवशी संगणकाची तासिका नाही त्या दिवशी लॅपटॉप आणायचाच नाही, असं वेळापत्रकात छापून द्या.

परिपत्रकात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे ती म्हणजे वर्गातली वीज. आठवीच्या एका तुकडीत 48 मुलं आहेत. प्रत्येकाचा चार्जर 65 वॅटचा धरला तर सगळे एकदम लागल्यावर 3,120 वॅट होतात, म्हणजे जवळजवळ 14 अँपिअर. आपल्या वर्गात पंखे, दिवे आणि फळ्याजवळ दोन प्लग आहेत. मुलं घरून बॅटरी भरून आणतील असं गृहीत धरलं असेल, पण शेतीच्या बाजूनं येणाऱ्या मुलांच्या घरी रात्री लाइट जाते, आणि वर्षभरानं बॅटरी आधीइतकी टिकत नाही. दुपारपर्यंत निम्म्या मुलांना चार्जिंग लागणारच. मग एका प्लगवर एक्स्टेंशन, त्यावर आणखी एक एक्स्टेंशन, वाटेत वायर आणि त्यावरून धावणारी तेरा वर्षांची मुलं. हे चित्र मला अस्वस्थ करतं. वायरिंग तपासून घ्या, एखाद्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून लोड काढून घ्या, आणि तोवर सक्ती थांबवा. वाय-फायचंही तेच आहे. ऑफिसातल्या एका राउटरवर तीन तुकड्यांची दीडशेच्या आसपास यंत्रं चालत नाहीत. निदान वर्गागणिक वाय-फाय पुरवणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो.

इथे थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगायची आहे, कारण हा प्रयोग जगात पहिल्यांदा आपणच करतोय असं नाही. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. पुढे जो लॅपटॉप निघाला तो एक्सओ. 256 एमबी रॅम, 1 जीबी साठवण, रबराचा बंद कीबोर्ड म्हणजे धूळ-पाणी आत जायला नको, उन्हात वाचता येणारी स्क्रीन, वजन दीड किलोच्या आसपास. मेकॅनिक म्हणून मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की त्याच्या हँडलमध्ये जास्तीचे स्क्रू ठेवलेले असत. मुलानं स्वतः उघडून दुरुस्त करावा एवढा विचार बनवणाऱ्यांनी केला होता. भारतातला त्याचा पहिला प्रयोग 2007 मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावातल्या छोट्या मराठी शाळेत झाला.

इतकं मुलांसाठी घडवलेलं यंत्र असूनही पेरू देशात काय झालं ते पाहा. तिथे ग्रामीण भागातल्या 319 शाळा घेऊन मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांमधल्या मुलांचं गणित आणि भाषा इतर शाळांपेक्षा सुधारलं नव्हतं. संगणक वापर वाढला, तर्कबुद्धीच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण अभ्यासक्रमाशी त्या यंत्राची सांगड घातलेलीच नव्हती. वर्गात त्याचं काय करायचं हे शिक्षकांना कुणी नीट दाखवलं नव्हतं. मी त्या प्रयोगाला नावं ठेवत नाही, त्या लोकांची तळमळ खरी होती. पण यंत्र आधी आणि काम नंतर असं केलं की काय होतं, त्याचा एवढा मोठा पुरावा समोर असताना आपण तीच वाट का धरावी?

याउलट केरळ. तिथे सरकारी आणि अनुदानित शाळांत काइट ही राज्य सरकारची संस्था उबंटूवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्सवर) आधारलेली स्वतःची मोफत प्रणाली देते, पाठ्यपुस्तकं त्या सॉफ्टवेअरला धरून लिहिली जातात आणि शिक्षकांना आधी प्रशिक्षण मिळतं. 2018 पासून 45,000 वर्गखोल्या लॅपटॉप-प्रोजेक्टरनं सज्ज झाल्या. तो खर्च शासनानं शाळांसाठी केला, प्रत्येक घराला हप्ता लावला नाही. आपण खाजगी शाळा आहोत, आपली फी वेगळी, हे मला कळतं. पण शाळेनं तीस-पस्तीस मजबूत यंत्रं घेऊन ती फिरत्या ट्रॉलीत ठेवली आणि तासिकेनुसार वर्गावर्गात फिरवली, तर आठवीला लागणारं सगळं काम दोन मुलांत एक यंत्र देऊन नीट होतं. स्क्रॅच तर दोघांनी मिळून जास्त चांगलं शिकता येतं, हे मी घरात माझ्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला बसवून बघितलंय: एकीच्या हातात माउस असला की दुसरी चुका पकडते.

सगळ्यांनी स्वतःचंच यंत्र घ्यायचं ठरलं, तर वापरलेल्या यंत्रांना परवानगी द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. परिपत्रकात "नवीन, बिलासह" असा शब्द आहे. तो काढा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात, आणि थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी बिझनेस मालिकेतली यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आमच्यासारख्या दुकानांपर्यंत येतात. मुळात ती रोज ऑफिसच्या बॅगेत फिरण्यासाठी बनवलेली असतात. हिंज धातूच्या चौकटीत, कीबोर्ड पाणी झेलणारा, पार्ट सहज मिळणारे. वीस-बावीस हजारांत 14 इंची चांगलं यंत्र मिळतं, आणि तेवढ्याच पैशांतल्या नव्या यंत्रापेक्षा ते मुलाकडे जास्त टिकतं. घेताना काय बघायचं तेही शाळेनं पालकांना सांगावं. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे विंडोज 11 अधिकृतपणे चालेल असंच यंत्र घ्यायचं; इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीपेक्षा जुना नको. बायोसला, म्हणजे यंत्र चालू होताना सर्वांत आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला, आधीच्या कंपनीचं कुलूप नाही ना, ते दुकानात चालू करून पाहायचं. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. फरक फार असेल तर दुकानदाराकडून नवी बॅटरी टाकून घ्यायची. लिनक्स टाकून घेतलं तर त्याहून जुनं यंत्रही चालेल, कारण लिब्रेऑफिस, पायथॉन आणि स्क्रॅच तिन्ही त्यावर चालतात. क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, हाही एक मार्ग आहे. 2021 पासून आलेल्या मॉडेल्सना गूगलनं दहा वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलंय. मात्र ते तेव्हाच घ्यावं जेव्हा शाळेचं सगळं काम ब्राउझरमधून होणार असेल, आणि ते ठरवणं पुन्हा शाळेच्याच हातात आहे.

परवा एक ताई दुकानात आल्या होत्या. पोळीभाजी केंद्र चालवतात, मुलगा आपल्याच शाळेत आहे. फोनमधलं परिपत्रक माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "दादा, हे सगळं लागतंच का? शाळेनं लिहिलंय म्हणजे घ्यावंच लागेल ना?" मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा, मी शाळेशी बोलतो. त्या म्हणाल्या, "नको, मुलाला त्रास होईल. मी हप्ते भरते." हे पत्र लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. शाळेचा शब्द पालक किती मोठा मानतात, हे कदाचित आपल्या लक्षात येत नसेल. आपण "किमान" म्हणून लिहिता आणि घराघरांत त्याचं कर्ज होतं. विक्रेत्याचा नंबर आपण सोयीसाठी दिला असेल, पण पालकांना तो आदेश वाटतो. तो काढून टाका आणि "कुठूनही घ्या" असं स्पष्ट लिहा. ज्या दोन-चार घरांना काहीच जमणार नाही त्यांच्यासाठी शाळेनं आपली काही यंत्रं ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी घरी न्यायला द्यावीत, आणि ती कुणाला दिली हे इतर मुलांना कळू नये.

एक गोष्ट परिपत्रकात अगदी बारीक अक्षरात आहे: "शाळेचं नियंत्रण सॉफ्टवेअर सर्व यंत्रांवर बसवलं जाईल." हे मला सर्वांत गंभीर वाटतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन इथल्या शाळांनी मुलांना दिलेल्या लॅपटॉपचे कॅमेरे दूरवरून चालू करून मुलांचे घरातले फोटो घेतल्याचं उघड झालं. यंत्र चोरीला गेलं तर सापडावं म्हणून ती सोय होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि 6,10,000 डॉलर देऊन मिटलं. तिथे यंत्रं शाळेची होती. इथे यंत्र आमच्या पैशाचं आहे, आमच्या घरात रात्री उघडं राहणार आहे, आणि समोर तेरा वर्षांच्या मुली बसणार आहेत. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांना मूल मानतो आणि त्यांची माहिती वापरताना पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. शाळांना अभ्यासापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती त्याच्या नियमांत काही मोकळीक आहे, पण ती मोकळीक म्हणजे घरापर्यंत येण्याचा परवाना नव्हे. कोणतं सॉफ्टवेअर, ते काय काय पाहतं, माहिती कुठे साठते, शाळेबाहेर ते बंद होतं का, आणि शाळेत ते कोण पाहू शकतं, हे लेखी द्या. त्याआधी माझ्या मुलीच्या यंत्रावर ते बसू देणार नाही.

घरच्या वापराला लगाम कसा घालायचा तो भाग पालकांचा, तो आम्ही उचलू. मुलाचं खातं साधं ठेवायचं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड आई-वडिलांकडे, यंत्र बैठकीच्या खोलीत वापरायचं आणि झोपताना तिथेच ठेवायचं. विंडोज आणि क्रोमबुक दोन्हींत वेळेची मर्यादा घालायची सोय आधीपासून असते, त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. शाळेनं एक संध्याकाळ पालकांना बोलावून हे करून दाखवलं तर नियंत्रण सॉफ्टवेअरची निम्मी गरज तिथेच संपेल.

आणि जाता जाता एक मागणी मराठीसाठी. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. आपल्या मुलांना मराठी लिहिता येतं, पण संगणकावर ती रोमन अक्षरांत लिहितात. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येही आहे, लिनक्समध्येही आहे, त्याला पैसे पडत नाहीत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं अशी त्याची सरळ मांडणी आहे, आणि मुलं ती लवकर शिकतात. आठवीच्या पहिल्या सत्रात मराठीच्या बाईंनी एक निबंध टाइप करून मागितला, तरी या सगळ्या खर्चाचं काहीतरी चीज होईल.

आपल्याकडून मला हवंय ते असं. कामाचं पान आधी छापा: विषय, तासिका, सॉफ्टवेअर, शिक्षक. त्यावरून किमान यादी नव्यानं करा, 8 जीबी आणि 256 जीबीच्या वर जाऊ नका, वजनाची मर्यादा घाला, ग्राफिक्स कार्ड आणि टच वगळा, वापरलेली यंत्रं चालतील असं लिहा. यादी करताना मदत लागली तर मी फुकट करीन. पालकसभेला मी यायला तयार आहे. येताना दुकानातून तीन-चार उघडलेले लॅपटॉप आणीन, म्हणजे हिंज कुठून तुटतो, रॅम कुठे बसते आणि चिकटवलेली रॅम कशी दिसते हे पालकांना हातात घेऊन पाहता येईल. शाळेतल्या मुलांच्या लॅपटॉपची तपासणी मी वर्षभर पैसे न घेता करून देईन, फक्त पार्टचे पैसे पालकांनी द्यावेत.

परिपत्रकात खरेदीची मुदत याच महिन्याच्या 30 तारखेची आहे. ती पालकसभेनंतरची ठेवावी आणि तसा निरोप दोन दिवसांत ग्रुपवर टाकावा. काही पालकांनी हप्त्याचे कागद भरायला घेतले आहेत, आणि एकदा सही झाली की मागे फिरणं अवघड होतं.

आपला,
सातवी 'ब' मधल्या एका मुलीचा पालक